अर्ध्या कोयत्याचा हिशेब

झोळीच्या काट्याला बाळ अडकवलं, काटा थांबला आणि मी मोठ्यानं वाचलं, "दोन किलो शंभर."

पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी गोधडी पांघरून बसलेली त्याची आई म्हणाली, "ताई, तुमचा काटा खराय ना? का कारखान्यासारखा?"

सात दिवसांची बाळंतीण, अंगात रक्त नाही, आणि वर हा विनोद. मला हसू आवरेना. मग वहीत वजन लिहिताना ते आपोआप गेलं, कारण दोन किलो शंभर म्हणजे कमीच. पण तिचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आमच्या वाळवा तालुक्यात साखर कारखान्याच्या काट्यावरून बोलायचा हक्क शेतकऱ्याचा. हंगामात चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. कुणाची उसाची खेप बाहेरच्या काट्यावर किती भरली आणि आतल्या काट्यावर किती, हे माणसं लग्नात पंक्तीला बसूनसुद्धा सांगतात. ऊस तोडणाऱ्या बाईच्या तोंडून मात्र काट्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. तिची मजुरी टनावर, म्हणजे तिचं पोटही त्याच काट्याला टांगलेलं. सोळा वर्षं मी या कोप्यांवर जातेय, आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी आशा सेविका. कृष्णाकाठच्या एका गावात आरोग्याचं काम करते. त्या बाळंतिणीचं नाव इथं लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडची, म्हणून मी तिला शिरूरची म्हणायचे, तेच लिहिते.

दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या ओढ्याकडेच्या गायरानात कोप्या उठतात. २०२४ साली विधानसभेची निवडणूक आली, कारखान्यांना गाळपाला १५ नोव्हेंबरची परवानगी आणि मतदान २० नोव्हेंबरला. शिरूरचीची टोळी मतदान उरकून निघाली. ट्रकमधून उतरल्या तेव्हा बायकांच्या बोटाला शाई होती, तशाच हातांनी त्यांनी बांबू रोवले. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर पाचट, त्यावर ताडपत्री. आत उभं राहता येत नाही. चूल दारात. पाणी शेजारच्या मळ्यात मोटर चालू असेल तेव्हा. मोबाईल चार्ज करायला चौकातल्या दुकानात दहा रुपये. संडास नाही, हे वेगळं सांगायला नको, बायका पहाटे तीनला उठतात त्याचं एक कारण तेही आहे.

मी पहिल्या दिवशी वही घेऊन गेले. लहान पोरं किती, लस कुणाची राहिली, पोटुशी कोण. एक पोर म्हणाली, "आमची आई हाय." सात वर्षांची असेल. कडेवर दोन वर्षांचा भाऊ. आई फडात होती.

फडात गेले. नवरा बुडख्यात कोयता घालत पुढं चाललेला, ती मागून ऊस सोलून, शेंडा छाटून, वाढ्याच्या पिळानं मोळी बांधत होती. सातवा महिना. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. फळी लवते. ती लवायच्या तालावर पाय टाकत ती चढली, मोळी टाकली, उतरली, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बोला ताई." मी काय बोलायचं होतं ते विसरले होते.

तिच्याकडं कागद मात्र सगळे होते. आधार, रेशनकार्ड आणि माता-बाल कार्ड, एका दुधाच्या पिशवीत गुंडाळून, पिठाच्या डब्यात. गावाकडच्या आशानं दोन तपासण्या करून नोंद घातलेली. त्या अनोळखी बाईचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. नोंद तिकडची असल्यामुळं गरोदरपणातल्या कामाचे पैसे माझ्या हिशेबाला लागत नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. लिहिते एवढ्यासाठी, की स्थलांतर झालं की मजूर बाईच्याच नाही, तिच्यामागं धावणाऱ्या बाईच्याही कामाची नोंद हरवते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात. डिसेंबरच्या ९ ला तिला न्यायचं ठरलं. सकाळी गेले तर ती कोयता घेऊन निघालेली.

"न्हाय जमायचं ताई. खाडा पडतोय."

खाडा म्हणजे गैरहजेरी. त्या दिवसाचा टन गेला तो गेलाच, वर पाचशे रुपये नावावर. मी टोळी आणणाऱ्या मुकादमाकडं गेले. मुकादम म्हणजे सिनेमातला मिशीवाला नव्हे. त्यांच्याच गावचा, चाळिशीचा, पायात साधी चप्पल, पोटाच्या दुखण्यानं हैराण, आणि माझ्याकडं त्या दुखण्याची गोळी मागणारा. म्हणाला, "म्याडम, एकीला सोडलं की धा जनी म्हणतील आमाला बी जायचंय. मागल्या साली दोन जोड्या उचल घेऊन पळाल्या, ते पैसे माझ्या बोडक्यावर हायत. माझं बी घर गहाण हाय." ते खोटं नव्हतं. मुकादमानं वाहतूकदाराकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आणायचे, गावात वाटायचे, कुणी पळालं तर स्वतः भरायचे. वरच्यानं खालच्याच्या मानेवर पाय दिलेला, आणि सगळ्यात खाली ती, सातव्या महिन्यात.

मी त्याला म्हणाले, हिला फडात काही झालं तर पोलीस पहिल्यांदा तुझं नाव विचारतील. गोळी दिली. ती दोन तासांसाठी आली. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. खाडा अर्धा लागला.

अर्धा हा शब्द त्यांच्यात फार. आपल्याला कोयता म्हणजे हत्यार. त्यांच्यात कोयता म्हणजे जोडपं. "आमच्या टोळीत धा कोयते" म्हणजे दहा नवरा-बायको. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, टोळीचा टन दहा कोयत्यांत वाटायचा. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. नाव लागतं ते नवऱ्याचं. बाई कुठल्याच कागदावर नाही, ती नसली तरच दिसते, कारण मग कोयता अर्धा होतो. जानेवारीत शिरूरची बाळंत झाली आणि पुढं वीस दिवस तिचा नवरा अर्धा कोयता होता. बाळंतपणाची रजा वगैरे आपण म्हणतो, त्याला तिकडं हा शब्द.

हसू नका, आमच्यातही रजा नाही. आशाला बाळंतपणाची पगारी रजा नसते, कारण आशाला पगारच नसतो. मानधन असतं.

काट्याच्या त्या विनोदानंतर मी तिला विचारलं, तुला टनाला किती मिळतात?

"ते त्येंला म्हाईत."

त्यालाही नीट माहीत नव्हतं. "मुकादम शेवटाला सांगतो." मला आठवत होतं ते असं. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांमध्ये करार झाला, शरद पवार आणि पंकजा मुंडे मध्ये होते. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ, तीन वर्षांसाठी, आणि मुकादमाचं कमिशन २० टक्के. म्हणजे आधी टनाला २७४ रुपयांच्या आसपास होते ते ३६६ च्या आसपास झाले. ही वाढ फुकट मिळालेली नाही. त्याआधी कोयता बंदचं आंदोलन झालं होतं. त्यातली एक गोष्ट मला तिच्या नवऱ्यानं समजावली, आणि ती कुठल्या बातमीत वाचली नव्हती. संप करायचा तर गावात असतानाच, ट्रकमध्ये बसायच्या आधी. उचल घेतली आणि इथं कोपी ठोकली की मग संप नाही, पळून जाणं असतं. आणि उचल तर पावसाळ्यातच घ्यावी लागते, पोराची फी, बियाणं, लग्न, दवाखाना. म्हणजे जोर करायचा महिना आणि हात पसरायचा महिना एकच.

मग मी बाळाच्या भेटींच्या वहीचं शेवटचं कोरं पान काढलं. उचल १ लाख. एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतो. ३६६ नं भागलं. २७३ टन. दिवसाला दोन, म्हणजे १३७ दिवस. नवरा-बायको मिळून, पहाटे चारपासून गाडी भरेपर्यंत, एकही खाडा न पाडता, १३७ दिवस नुसती उचल फेडायला. हंगाम किती दिवसांचा? दिवस मोजायला तिची पोरगी आमच्याजवळ येऊन बसली होती, तिला शाळेतलं शंभरापर्यंत येत होतं.

शिरूरचीनं त्या पानाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आन ताई, तुमची उचल किती?"

मला आधी कळलंच नाही. मग सांगितलं, आमची उचल नसते, आमचं थकलेलं असतं. तीन-तीन महिने मानधन येत नाही. तिला ते फार मजेशीर वाटलं. "म्हंजी तुमीच सरकारला उचल देता." माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीचं एवढं नेमकं वर्णन आमच्या संघटनेच्या कुठल्या पत्रकातही नाही. नोकरी म्हटलं, चुकलं. स्वयंसेविका. सरकारच्या लेखी मी सेवा करते. स्वयंसेवा करणाऱ्याला किमान वेतन लागू नाही, ग्रॅच्युइटी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. कोविडमध्ये घरोघर ताप मोजत फिरलो तेव्हा त्याबद्दल केंद्राचे महिन्याला १ हजार रुपये मिळायचे, दिवसाचे तेहेतीस. आमच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाईला एकानं दारातूनच विचारलं होतं, "तेहेतीस रुपयांत कोरोना घरी आणताय का आमच्या?"

जून २०२१ ला आम्ही संपावर गेलो, दीड हजारांची वाढ झाली. ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा. नोव्हेंबरात आरोग्यमंत्र्यांनी ७ हजारांची वाढ जाहीर केली, आम्ही पेढे वाटले, कामावर गेलो. शासन निर्णय निघेना. पेढ्याचे पैसे वाया. जानेवारी २०२४ ला पुन्हा संप, आणि फेब्रुवारीत मुंबईला आझाद मैदान. मी सहा दिवस होते. सांगलीहून रात्रीच्या गाडीनं निघालो, डब्यात चपात्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, आणि एकीनं तर अख्खी तेलाची बरणी आणलेली, का ते तिलाही सांगता आलं नाही. मैदानात प्लास्टिक अंथरून झोपायचं. सगळ्यात अवघड काय होतं, तर शौचालय. रांगेत उभी असताना माझ्या डोक्यात गायरानातल्या बायका आल्या. तीन रात्रींत माझी ही गत, त्या पाच महिने कशा काढतात?

दिवसा भाषणं चालायची, नि मधेच कुणाचा तरी फोन वाजायचा. गावाकडून अमकीला कळा सुरू झाल्यात, गाडी कुठून बोलवू? संपावर असलेली बाई मैदानातून गाडीचा नंबर सांगायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला त्याचा अभिमान वाटत नाही, रागच येतो. आमचा संप कधी पुरता बंद होतच नाही, म्हणून तो लांबतो.

मार्चमध्ये निर्णय निघाला. ७ चे ५ हजार झाले. आम्ही घेतले.

मैदानातून मी आबांना, माझ्या वडिलांना, फोन केला होता. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. आबांनी उभी हयात मुंबईत दाणाबंदरच्या धान्यबाजारात पोती वाहिली, पुढं बाजार वाशीला गेला तसे तेही गेले. म्हणाले, "मैदानात हायस होय? माझ्यावेळीबी तिथंच जायाचो." फोनवर एवढंच. पण शिरूरचीचं सगळं बघून झाल्यावर, संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा त्यांच्याजवळ बसून नीट विचारलं.

आबांचे वडीलही दाणाबंदरलाच हमाल होते. आबा सांगत होते, आज्याच्या वेळी टोळीवाला असायचा. व्यापाऱ्याकडून पैसे तो घ्यायचा, आपला हिस्सा काढायचा आणि उरलेलं टोळीत वाटायचा. काम आहे का नाही, हे सकाळी बाजारात गेल्यावर कळायचं. गावकीच्या खोलीत तीस-तीस जण पाळीपाळीनं झोपायचे. पाठीला पोतं लागून जखम झाली तर ती आपली. मग आमच्याच पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. आबा लिहायला-वाचायला जेमतेम, पण कायदा त्यांना तोंडपाठ. बोटांवर मोजत सांगत होते. एक, मंडळ. त्यात मालकाचे, कामगारांचे आणि सरकारचे लोक. दोन, हमाल मंडळात नोंदवलेला, व्यापारीही नोंदवलेला. तीन, व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, भरायची. मजुरी मंडळाकडून हमालाला, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना, रजेचे पैसे.

"मालक शंभर असूदेत," आबा म्हणाले, "आज ह्याच्याकडं चार पोती, उद्या त्याच्याकडं धा. कुणाचाच कामगार न्हाई आसं ते म्हणायचे. मंडळ झालं आणि आम्ही कामगार झालो."

आमच्या माहेरच्या घराची कौलं जाऊन स्लॅब पडला तो आबांच्या फंडावर. माझं लग्नही त्यातलंच. म्हणजे आज्याला टोळीवाला आणि आबांना मंडळ, एवढ्या एका पिढीत झालेला फरक मी घरात बसून पाहिलेला आहे. म्हणून कुणी म्हणालं, की ऊसतोडीचं काम हंगामी, माणसं फिरती, मालक ठरत नाही, त्यांना कसले फंड नि कसल्या रजा, तर मला ते पटत नाही. हमालही फिरताच होता. साताऱ्या-सांगलीच्या माणसानं तर हे म्हणूच नये. आमच्याकडचं कोण बाहेर गेलं नाही? पाटण-जावळीचे हमाल मुंबईत, शिराळ्याचे गिरणीत, विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला पार पंजाबपासून केरळपर्यंत. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जतचे कोयते आमच्याच जिल्ह्यातल्या उसात येतात. एकाच सांगली जिल्ह्यात पूर्वेचा माणूस मजूर आणि पश्चिमेचा बागायतदार. मध्ये फक्त पाणी.

ऊसतोड कामगारांसाठी काहीच नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं. पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढलीत. शिरूरचीच्या पोरीला त्याचं माहीत होतं, पण धाकट्याला कोण सांभाळणार म्हणून ती इथं. महामंडळात आबांच्या मंडळासारखी मजुरी जमा होत नाही, हा माझ्या मते मुख्य फरक. तिची मजुरी अजून वाहतूकदार, मग मुकादम, मग नवरा अशीच उतरत येते. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा तेव्हा होता, त्यात प्रवासभत्ता, राहायची सोय, दवाखाना सगळं लिहिलेलं. पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांचा. आमच्या गायरानात कर्नाटकातल्या विजापूरकडची एक टोळी असते, तिला तो कागदावर तरी लागू होता. तिथून शंभर पावलांवर बीडची टोळी, तिला नाही, कारण ती महाराष्ट्रातूनच महाराष्ट्रात आली. शिरूर कासार आमच्यापासून विजापूरपेक्षा लांब आहे, हे कायदा करणाऱ्यांनी नकाशात बघितलं नसावं.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. माझ्या वहीत तिशी-पस्तिशीच्या बायकांपुढं पाळीची तारीख लिहायचा रकाना असतो. कोप्यांवर तो रकाना बऱ्याचदा भरताच येत नाही. "पिशवी काढली." का, म्हणून विचारलं की "तरास व्हता" आणि दुसऱ्या दमात "खाडे पडायचे". २०१९ साली याची बोंब झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या वहीतला रकाना त्याआधीही तसाच रिकामा असायचा. मी वर कळवत नव्हते, कारण तसं कळवायला फॉर्मच नव्हता. हे माझं चुकलंच.

आता आमच्या घरातलं. आमचा तीस गुंठे ऊस. टोळी कुणाच्या फडात कधी जाणार, हे कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा स्लिपबॉय आणि मुकादम ठरवतात, आणि ऊस वाळायला लागला की शेतकरी मुकादमाच्या हातापाया पडतो. मग खुशाली. म्हणजे टोळीला खूश करायचे पैसे, एकराला अमुक हजार. ड्रायव्हरला द्यायचे पैसे, म्हणजे एंट्री, वेगळी, मटणाचं जेवण वेगळं. आमचे हे दिवसभर धुसफुसत होते. "तोडणी-वाहतुकीचे पैसे कारखाना आधीच आमच्या बिलातनं कापतो. वर ह्यांना परत द्यायचे. आणि तू त्यांच्यासाठी लिहितीस!" त्यांचं खोटं नाही. उसाच्या दरासाठी रस्ता अडवायला ते स्वतः जातात, आणि टनाला शंभर रुपये वाढले की त्यातले तोडणीला किती जातील याचीच पहिली चर्चा. तोडणाऱ्याचा दर वाढला की शेतकऱ्याला वाटतं आपल्या ताटातलं गेलं. मी म्हटलं, खुशाली जाते कुठं ते तरी विचारा. शिरूरचीला विचारलं तर तिच्या कोयत्याच्या वाट्याला त्यातले अडीचशे आले होते, आणि जेवण तिनं आणि सासूबाईंनीच रांधलं होतं. सासूबाई म्हणजे माझ्या. दोघी आमच्या परसात बसून कांदा चिरत होत्या, आणि सासूबाई तिला सांगत होत्या की ओल्या बाळंतिणीनं असं वाऱ्यात बसू नये. तिचं बाळ तेव्हा चोवीस दिवसांचं होतं आणि सकाळी तिनं मोळ्या वाहिल्या होत्या.

बाळाची शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. तीन किलो चारशे. मी मोठ्यानं वाचलं तर ती म्हणाली, "ह्यो काटा बरा."

त्या हंगामात ऊसच कमी होता, हंगाम लवकर आटपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोप्या मोडल्या. जायच्या आदल्या रात्री हिशेब झाला. तिनं माझ्याकडून वहीचं ते पान मागून घेतलं होतं, आणि प्रत्येक खेपेची वजनपावती मुकादमाकडं बघायला मागायला लागली होती. पहिल्यांदा मागितली तेव्हा तो हसला. मग टोळीतल्या दोघी-तिघी मागायला लागल्या, तेव्हा तो पावत्या चुलीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवायला लागला. एवढंच. त्याला आंदोलन म्हणायचं का, ते मला ठरवता येत नाही. नवऱ्याच्या फोनवर ती पोरीकडून पावत्यांचे फोटो काढून घ्यायची.

तिच्या कोयत्याच्या वाट्याला हंगामात १७१ टन आले. ३६६ नं झाले ६२ हजार ५८६. उचल १ लाख, खाड्यांचे २ हजार, आठवड्याच्या बाजाराची खर्ची साडेदहा हजार. बाकी ४९ हजार ९१४. नवरा-बायको साडेतीन महिने राबली, एक बाळंतपण झालं, आणि जाताना पन्नास हजारांचं देणं अंगावर घेऊन गेली. ती बाकी पुढच्या उचलीत धरणार, म्हणजे पुढच्या साली कुठं जायचं हे आत्ताच ठरलेलं.

परवा, बेंदराच्या आदल्या दिवशी, तिचा फोन आला. बाळ रांगतंय. पाऊस बरा आहे. मग म्हणाली, फोटो धाडलेत, बेरीज बघा. अठ्ठेचाळीस फोटो होते, काही अंगठ्याचे. मी आणि माझ्या लेकीनं रात्री जेवणं झाल्यावर पावत्या आणि मुकादमाचा कागद जुळवला. एक खेप कागदावर नाही. १८ टन ४०० किलो. दहा कोयत्यांत वाटली तर तिच्या वाट्याला सहाशे त्र्याहत्तर रुपये.

तिला फोन करून आकडा सांगितला. म्हटलं, चूक असेल, मुकादमाला नीट विचार. ती म्हणाली, विचारनार, पर एकटी न्हाय. तिनं ती पावती टोळीतल्या बाकीच्या नऊ जणींना दाखवलीय. मुकादम अजून उचल वाटायला यायचाय.